'पोहता येत नसलं तरी चालेल': मालवणच्या स्नॉर्केलिंग सहलीत या ओळीचा नेमका अर्थ काय?

सुट्टीत कोकणात जायचं ठरलं की व्हॉट्सअ‍ॅपवर एक जाहिरात हमखास येऊन पडते. निळंशार पाणी, रंगीत मासे, डोळ्यांवर मास्क चढवलेलं हसरं कुटुंब आणि खाली ठळक अक्षरांत एक ओळ: 'पोहता येत नसलं तरी चालेल'.

भिवंडी तालुक्यातल्या पडघ्यासारख्या गावात ही ओळ फार कामाची ठरते. मुंबई-आग्रा महामार्गावरचं हे गाव. इथून समुद्र दूर. जुन्या पिढीतले काही जण पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकलेले असतात, पण आता मुलांना विहिरीत सोडायची आईवडिलांची तयारी नसते. त्यामुळे दहा-बारा जणांचं कुटुंब मिनीबस करून मालवणला निघालं, तर त्यात खऱ्या अर्थाने पोहणारे दोन किंवा तीन. बाकीचे त्या एका ओळीच्या भरवशावर बोटीत चढतात.

ती ओळ खोटी नाही. न पोहणारी हजारो माणसं मालवणच्या समुद्रात डोकं घालून मासे पाहून सुखरूप परत येतात. पण त्या ओळीमागे काही अटी आहेत आणि त्या जाहिरातीत लिहिलेल्या नसतात. गंमत म्हणजे त्यातल्या जवळजवळ सगळ्या अटी पाण्यात उतरायच्या आधी, किनाऱ्यावर उभं राहून तपासता येतात.

स्नॉर्केलिंगला नेऊन नक्की करतात काय?

मालवणात 'स्कूबा' आणि 'स्नॉर्केलिंग' हे शब्द एकाच दमात उच्चारले जातात, त्यामुळे गोंधळ होतो. स्कूबा डायव्हिंगमध्ये पाठीवर हवेची टाकी असते आणि माणूस पाण्याखाली जातो. पर्यटकांच्या स्कूबात प्रत्येकामागे एक प्रशिक्षक असतो, तो टाकी धरून हाताने फिरवतो. स्नॉर्केलिंगमध्ये माणूस पाण्याखाली जातच नाही. तो पालथा तरंगतो, चेहरा पाण्यात असतो आणि तोंडातल्या नळीचं दुसरं टोक हवेत असतं.

मालवण जेटी, दांडी, तारकर्ली किंवा देवबागहून बोट निघते. बहुतेक बोटी सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या खडकाळ उथळ पाण्यात थांबतात. बोटीच्या कडेला शिडी लावतात, पाण्यात मोठी रबरी ट्यूब किंवा रिंग सोडतात. पर्यटकांनी ती धरायची, मास्क लावून तोंड पाण्यात घालायचं आणि बरोबरचा मुलगा रिंग ओढत खडकांवरून फिरवतो. प्रत्यक्ष पाण्यात वेळ जातो तो दहा ते वीस मिनिटं. बाकी सहल म्हणजे जाणं, थांबणं, आपली पाळी येण्याची वाट पाहणं आणि परतणं. हे आधी माहीत नसेल तर 'एवढंच?' असं वाटतं. पॅकेज ठरवताना 'पाण्यात किती वेळ आणि एका वेळी किती जण' हे विचारलं की अर्धी निराशा टळते.

बोटीत चढण्याआधी स्कूबा आणि स्नॉर्केलिंगपैकी नेमके पैसे कशाचे भरले आहेत, व्हिडीओ त्यात धरला आहे का, किल्ल्याची फेरी वेगळी आहे का, हेही विचारून घ्यावं. वाद बहुतेक वेळा यावरूनच होतात.

नळी आणि मास्क: साधं यंत्र, पण सवय लागते

स्नॉर्कल हा शब्द जर्मनमधून आला. दुसऱ्या महायुद्धात जर्मन पाणबुड्या पाण्याखाली राहून इंजिनासाठी हवा ओढून घ्यायच्या, त्या नळीचं हे नाव. माणसाची नळी मात्र फूट-सव्वाफूट लांब असते, आणि ती त्याहून मोठी का नसते हा प्रश्न मुलं नक्की विचारतात. कारण दोन आहेत. पाण्यात जितकं खाली जावं तितका छातीवरचा दाब वाढतो. मीटरभर खोलीवरसुद्धा वरची साधी हवा छातीत ओढून घेणं जवळजवळ अशक्य होतं. आणि नळी लांब असेल तर सोडलेला श्वास नळीतच अडकून राहतो, पुढच्या वेळी तीच शिळी हवा परत आत येते.

मास्कच्या काचेतून पाहिलं की मासे असतात त्याहून सुमारे एक तृतीयांश मोठे आणि जवळ दिसतात. पाणी आणि हवा यांच्या सीमेवर प्रकाश वाकतो म्हणून असं होतं. बोटीवर परतल्यावर 'हातभर मासा होता' असं सांगणारा माणूस खोटं बोलत नसतो, त्याला तो तेवढाच दिसलेला असतो.

न पोहणाऱ्यांची खरी परीक्षा असते ती तोंडाने श्वास घेण्याची. मास्क नाक झाकून टाकतो. नाकाने श्वास घ्यायला गेलं की मास्क चेहऱ्याला चिकटतो आणि माणूस घाबरतो. त्यात एखादी लाट नळीत शिरली की खारं पाणी थेट घशात जातं. त्यावर उपाय एकच: नळीत जोरात फुंकर मारून पाणी बाहेर उडवणं. हे वाचून येत नाही. बोटीवर जायच्या आधी किनाऱ्यावरच्या शांत, कमरेइतक्या पाण्यात उभं राहून पाच मिनिटं सराव करावा. मास्क लावा, नळी तोंडात धरा, चेहरा पाण्यात घाला, वीस श्वास घ्या, मग मुद्दाम नळीत थोडं पाणी घेऊन फुंकून काढा. ज्यांना इथे जमत नाही त्यांना बोटीवरून उतरल्यावरही जमत नाही. चांगले ऑपरेटर हा सराव स्वतःच करून घेतात. 'वेळ नाही, तिथे गेल्यावर सांगतो' म्हणणाऱ्याबद्दल जरा विचार करावा.

मास्क बसतो की नाही हे तपासायची सोपी रीत आहे. पट्टा न लावता मास्क चेहऱ्यावर टेकवायचा आणि नाकाने हलका श्वास ओढायचा. हात सोडल्यावर तो चिकटून राहिला तर माप बरोबर. केसांची बट मध्ये आली तर पाणी झिरपतं. भरघोस मिशीवालेही याला अपवाद नाहीत, त्यांनी मिशीवर थोडं व्हॅसलीन लावावं. काच धूसर होऊ नये म्हणून तिला आतून थुंकी चोळून धुतात. किळस वाटली तरी हा जगभरचा उपाय आहे. चष्मा मात्र मास्कच्या आत बसत नाही, त्यामुळे जास्त नंबर असलेल्यांनी नंबरचा मास्क मिळतो का ते आधीच विचारावं.

पूर्ण चेहरा झाकणारे मास्क हल्ली ऑनलाइन स्वस्तात मिळतात. दिसायला छान, पण हलक्या प्रतीच्या मास्कमध्ये सोडलेली हवा नीट बाहेर न जाता आतच साठू शकते, आणि घाबरलेल्या माणसाला तो पटकन काढताही येत नाही. साधा मास्क आणि वेगळी नळी हीच जोडी बरी.

न पोहणाऱ्याला तरंगवतं कोण?

लाइफ जॅकेट. रिंग नाही, दोरी नाही, बरोबरचा मुलगाही नाही.

रिंग हातातून सुटते. मार्गदर्शकाकडे एकाच वेळी चार-पाच जण असतात. अंगावर बांधलेलं जॅकेट तेवढं सुटत नाही, आणि तेही नीट बांधलं असेल तरच. सैल जॅकेट पाण्यात पडल्यावर वर सरकतं, कानांपर्यंत येतं आणि माणूस त्यातून खाली घसरतो. म्हणून सगळ्या क्लिपा लावून झाल्यावर दुसऱ्याने खांद्यांजवळ धरून जॅकेट वर ओढून पाहावं. हनुवटीपर्यंत आलं तर ते सैल आहे. लहान मुलांना मोठ्यांचं जॅकेट चालत नाही. मुलांच्या मापाचं नसेल तर मुलाला पाण्यात उतरवू नये, मग मूल कितीही रडो.

पालथं तरंगताना जॅकेट थोडं त्रासदायक वाटतं, कारण चांगलं जॅकेट माणसाला उताणं करायला बघतं. ते तसंच बनवलेलं असतं. 'जॅकेट काढा, मासे नीट दिसतील' असा सल्ला कुणी दिला तर तो पोहणाऱ्यांसाठी आहे, इतरांसाठी नाही.

जॅकेट फक्त पाण्यात उतरतानाच घालायचं अशी एक समजूत आहे. १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवे ऑफ इंडियाहून घारापुरीकडे निघालेल्या प्रवासी बोटीवर नौदलाची स्पीडबोट आदळली आणि १५ जणांचा जीव गेला. त्या बोटीतलं कुणीही पाण्यात उतरायला निघालेलं नव्हतं. त्यानंतर लगेच गेटवेवर प्रवाशांना जॅकेट सक्तीचं झालं. जॅकेट बोट सुटण्याआधी चढवायचं आणि पाय पुन्हा जमिनीला लागल्यावर काढायचं, एवढा साधा हा नियम.

कपड्यांचंही इथेच सांगायला हवं. जीन्स भिजली की जड होते, साडी आणि ओढणी पायात किंवा शिडीत अडकते. घट्ट टी-शर्ट आणि लेगिंग किंवा ट्रॅक पँट उत्तम. दागिने खोलीवर ठेवावेत.

जास्त धोका येण्याजाण्यात

स्नॉर्केलिंग म्हटलं की शार्कची भीती आधी आठवते. मालवणच्या सहलीत काळजी करायची गोष्ट वेगळी आहे.

२४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ स्कूबा डायव्हिंग करून किनाऱ्याकडे परतणारी बोट उलटली. बोटीत २० पर्यटक होते, त्यातल्या दोघांचा मृत्यू झाला. पाण्याखालचा भाग आटोपला होता, परतीचा प्रवास उरला होता.

तारकर्ली, देवबागचा किनारा उघडा आहे. लांबून येणारी लाट खोल पाण्यात नुसती खाली-वर होते, पण किनाऱ्याजवळ तळ उथळ झाला की ती उभी राहून फुटते. पट्टीच्या बोटवाल्यालाही या फुटणाऱ्या लाटांच्या पट्ट्यातून बोट काढताना लक्ष द्यावं लागतं. मागून आलेली लाट बोटीला आडवी फिरवू शकते, आणि आडव्या बोटीवर पुढची लाट आदळली की ती उलटते. बोटीत माणसं जास्त असतील किंवा फोटोसाठी सगळी एका बाजूला सरकली असतील तर आणखी लवकर. म्हणून बोटवाला 'बसा' म्हणाला की बसायचं.

याआधी १५ एप्रिल २०१७ रोजी मालवणच्याच वायरी किनाऱ्यावर बेळगावहून सहलीला आलेल्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या गटातले ८ जण बुडाले होते. तिथे बोटही नव्हती आणि नळीही नव्हती, नुसतं किनाऱ्यावरून पाण्यात उतरणं होतं. स्नॉर्केलिंगसाठी जॅकेट घालून काळजीपूर्वक जाऊन आलेलं कुटुंब संध्याकाळी त्याच किनाऱ्यावर बिनजॅकेटचं छातीभर पाण्यात शिरतं, हे दृश्य मालवणात नवीन नाही. विहिरीत पोहणाऱ्यांनाही इथे फसायला होतं. विहिरीचं पाणी जागेवर असतं, समुद्राचं पाणी माणसाला ओढून नेतं.

बोटीबद्दल विचारायचे प्रश्न मोजके आहेत. महाराष्ट्रात प्रवासी आणि जलक्रीडा बोटींवर महाराष्ट्र सागरी मंडळाचं नियंत्रण असतं. परवान्यात बोटीची प्रवासीसंख्या ठरलेली असते. राज्याच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणानुसार असे उपक्रम चालवणाऱ्यांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची असते. तेव्हा 'परवाना आहे का' एवढंच न विचारता 'या बोटीला किती माणसांची परवानगी आहे' असं विचारावं आणि मग बोटीतली डोकी मोजावीत. मोजायला अर्धा मिनिट लागतो. आकडा जुळत नसेल तर दुसरी बोट बघावी. गर्दीच्या दिवशी हे बोलायला संकोच वाटतो, शेजारचे आठ्या घालतात, तरीही.

तारीख कोणती? तिथी कोणती?

पडघ्यातल्या, किंवा मुंबई-ठाण्याच्या कुठल्याही कुटुंबाचं कोकणाचं गणित शाळेच्या सुट्टीला बांधलेलं असतं. परीक्षा, मग एखादं लग्न, मग मामाकडे, आणि मालवण येतं ते मेच्या शेवटच्या आठवड्यात. समुद्राचं गणित याच्या बरोबर उलट चालतं.

राज्यात किनारी जलक्रीडा आणि किल्ल्याची प्रवासी वाहतूक २६ मे ते ३१ ऑगस्ट बंद असते. म्हणजे २५ मे हा हंगामाचा शेवटचा दिवस. २०२२ चा अपघात २४ मेचा होता. समुद्र तारीख बघून खवळत नाही. मान्सूनच्या आधीच अरबी समुद्रात वारे वाढतात, लांबच्या लाटा किनाऱ्यावर येऊ लागतात आणि पाणी गढूळ होतं. हंगाम 'चालू' आहे याचा अर्थ त्या दिवशी समुद्र ठीक आहे असा होत नाही. 'शेवटचे दोन दिवस, सवलत' अशी जाहिरात असेल तर तिकडे जाऊन किल्ला पाहावा, मासे खावेत आणि पाण्यात उतरायचं की नाही ते तिथल्या सकाळवर सोडावं.

पाणी सर्वांत स्वच्छ असतं ते साधारण नोव्हेंबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीपर्यंत. पावसाळ्यात नद्यांनी आणलेला गाळ तोवर बसलेला असतो आणि लाटा कमी असतात. दिवाळीची सुट्टी त्याच्या उंबरठ्यावर येते, नाताळची अगदी मध्यावर. मालवणच्या चिवला किनाऱ्यावर समुद्री जलतरण स्पर्धाही डिसेंबरमध्येच भरते, ती उगीच नाही.

दिवसातली वेळही तितकीच महत्त्वाची. शाळेत शिकलेले खारे आणि मतलई वारे इथे कामी येतात. रात्री जमीन थंड होते आणि वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, हे मतलई वारे. त्यामुळे सकाळी किनाऱ्याजवळचं पाणी शांत असतं. दुपारी जमीन तापली की समुद्रावरून खारे वारे येतात, लाटा उठतात, बोट हिंदकळते, 'बोट लागते'. सकाळी आठची बोट आणि दुपारी दोनची बोट यांत पैसे सारखेच जातात, समुद्र मात्र वेगळा असतो.

राहिली भरती-ओहोटी. कोकणात यासाठी घड्याळाआधी कॅलेंडर बघतात. जुना ठोकताळा असा: तिथीची पाऊणपट करा, पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते. पंचमी असेल तर पाचाची पाऊणपट म्हणजे पावणेचार. दुपारी आणि पहाटे पावणेचारच्या आसपास भरती, आणि त्याच्या सहा तास पुढेमागे, म्हणजे सकाळी आणि रात्री पावणेदहाच्या सुमारास ओहोटी. अष्टमीला सहा वाजता भरती. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, हिशोब तोच. हा फक्त अंदाज आहे, मालवणची नेमकी वेळ भरतीच्या तक्त्यात पाहावी.

अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं. पाणी जास्त चढतं, जास्त उतरतं, आणि तेवढं पाणी सहा तासांत हलायचं म्हणजे ओढ जोरात. तळातला गाळही ढवळला जातो. अष्टमीच्या पुढच्या एक-दोन दिवसांत भांगाची भरती असते, तेव्हा चढउतार कमी आणि प्रवाह मंद. न पोहणाऱ्यांनी सहलीचा दिवस निवडायचा तर हा. पौर्णिमेचं चांदणं किनाऱ्यावरून बघायला सुंदर असतं, पण दुसऱ्या दिवशीचं स्नॉर्केलिंग तितकं सुंदर नसतं.

हैदराबादची 'इन्कॉइस' ही केंद्र सरकारची संस्था उंच लाटांचे इशारे देते आणि हवामान विभाग मच्छीमारांसाठी सूचना काढतो. दोन्ही मोबाइलवर फुकट दिसतं. मच्छीमारांना समुद्रात जाऊ नका असं सांगितलं असेल, तर पर्यटकांच्या बोटीला वेगळा समुद्र मिळत नाही.

पडघ्याहून निघताना

पडघा ते मालवण रस्त्याने साधारण पाचशे किलोमीटर. गाडीने रात्रभर जाणारे अनेक. रेल्वेने जायचं तर गांधारी पुलावरून कल्याणमार्गे किंवा थेट ठाण्याला येऊन रात्रीची कोकणकन्या किंवा तुतारी एक्स्प्रेस धरायची. सकाळी कुडाळला उतरायचं, तिथून मालवण तीसेक किलोमीटर.

इथे एक चूक वारंवार होते. सुट्टी तीन दिवसांची, म्हणून पहिल्याच दिवशी उतरल्या उतरल्या स्नॉर्केलिंग उरकायचं ठरतं. रात्रभराच्या प्रवासाने झोप झालेली नसते, पोटात चहा-वडापाव, अंगात पाणी कमी. खोली मिळेपर्यंत अकरा वाजतात, बोट मिळेपर्यंत बारा, आणि तेव्हा नेमके खारे वारे सुरू झालेले असतात. थकलेल्या माणसाला बोट लवकर लागते, पाण्यात धाप लवकर लागते. पहिला दिवस किल्ल्याला द्यावा. कुरटे बेटावरच्या या किल्ल्याचं बांधकाम १६६४ मध्ये सुरू झालं, आणि आत राजाराम महाराजांनी बांधलेलं शिवराजेश्वराचं मंदिर आहे. किल्ल्यावर जाताना बोटीची सवय होते, कुणाला बोट लागते तेही कळतं. स्नॉर्केलिंग दुसऱ्या दिवशी सकाळी, हलकी न्याहारी करून तासाभराने. मालवणी थाळी नंतर. दारू तर अजिबात नको, आदल्या रात्रीचीही बेतानेच.

कुणी बोटीतच बसलेलं बरं?

हृदयविकार, आटोक्यात नसलेला रक्तदाब, दमा, फीट येण्याचा त्रास, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया किंवा गर्भारपण असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पाण्यात उतरू नये. सर्दी असताना स्नॉर्केलिंग करता येतं, पण कान फुटलेला असेल तर पाणी वर्ज्य.

वयस्कर माणसांसाठी एक गोष्ट विशेष. अमेरिकेच्या हवाई बेटांवर पर्यटकांच्या बुडून होणाऱ्या मृत्यूंत स्नॉर्केलिंग हे मोठं कारण आहे. तिथल्या अभ्यासकांच्या लक्षात आलं की यातले बरेच जण हातपाय मारत, ओरडत बुडत नाहीत. नळीतून श्वास ओढायला जास्त जोर लागतो, त्यातून काहींच्या फुप्फुसांत पाणी साठत असावं आणि माणूस गुपचूप निपचित होत असावा, असं त्यांना वाटतं. म्हणून धाप लागली, अंगातली ताकद गेल्यासारखं वाटलं तर 'अजून दोन मिनिटं' करू नये. नळी काढून उताणं व्हावं आणि हात वर करावा. आणि कुटुंबातल्या एकाने बोटीवर कोरडं राहून फक्त पाण्यातल्या माणसांकडे बघत बसावं. मोबाइलमधून नव्हे, डोळ्यांनी. जो बराच वेळ हललेला नाही, त्याला हाक मारावी.

तटरक्षक दलाचा मदत क्रमांक १५५४ आहे, किनारी सुरक्षेसाठी १०९३, रुग्णवाहिकेसाठी १०८. निघण्याआधी मोबाइलमध्ये टाकून ठेवावेत.

आणि दिसतं काय?

जाहिरातीतलं चित्र बहुतेक वेळा अंदमान किंवा मालदीवचं असतं. मालवणचं पाणी तसं काचेसारखं नाही. चांगल्या दिवशी काही मीटरपर्यंत दिसतं, वाईट दिवशी स्वतःचा हातही हिरवट दिसतो. प्रवाळही झाडासारखं फांद्यांचं कमी, खडकाला चिकटलेलं किंवा घुमटासारखं जास्त. पण चांगल्या दिवशी पिवळ्या-काळ्या पट्ट्यांच्या माशांचा थवा नाकासमोरून जातो, खडकाच्या कपारीत गोबरा बसलेला असतो, हिवाळ्यात खडकांवर तपकिरी शेवाळाची झुडपं डोलत असतात. ताटात पाहिलेली तांबोशी जिवंत पोहताना पाहणं हा पडघ्याहून आलेल्या माणसासाठी नवीनच प्रकार.

हा भाग १९८७ मध्ये मालवण सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर, त्यातला ३.१८ चौरस किलोमीटरचा गाभा किल्ला आणि पद्मगडाच्या परिसरात. स्थानिक मच्छीमारांचा त्याला विरोध झाला. ज्या पाण्यावर पोट आहे तेच बंद होईल ही भीती होती, आणि ती अनाठायी म्हणता येणार नाही. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या सिंधुदुर्ग प्रकल्पातून स्थानिक तरुणांना स्नॉर्केलिंग आणि स्कूबाचं प्रशिक्षण मिळालं, तारकर्लीत पर्यटन महामंडळाची स्कूबा डायव्हिंग संस्था उभी राहिली. आज रिंग ओढणारा मुलगा बऱ्याचदा मच्छीमार घरातला असतो. त्याला माशांची नावं विचारावीत, तो मालवणीत सांगतो आणि ती जाहिरातीतल्या इंग्रजी नावांपेक्षा लक्षात राहतात.

दगड बांधणारं प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे कायद्याने त्याला वाघाइतकंच संरक्षण. तुकडा तोडणं, आठवण म्हणून घरी आणणं हा गुन्हा. तोडायचं कुणाच्या मनात नसतं, पण घाबरलेला माणूस पहिल्यांदा काय करतो, तर पाय टेकवायला जागा शोधतो. खाली प्रवाळ असलं तर ते मोडतं, कालवं असली तर तळवा कापतो. जॅकेट घालून पाय वर ठेवायला शिकणं दोघांच्याही फायद्याचं.

माशांना जवळ बोलावण्यासाठी पाव किंवा बिस्किटं टाकली जातात. व्हिडीओ चांगला येतो. पण मासे खडकावरचं शेवाळ खायचं सोडून बोटीची वाट बघू लागतात आणि ते शेवाळ प्रवाळावर वाढतं. 'आम्हाला पाव नको' असं गिऱ्हाईकच म्हणालं तर बोटवाल्यालाही बरं पडतं. सनस्क्रीनऐवजी पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट घालावा. हवाईने प्रवाळाला घातक ठरणारी दोन रसायनं असलेल्या सनस्क्रीनच्या विक्रीवर २०२१ पासून बंदी घातली आहे.

मालवणशिवाय पर्याय आहेत. गोव्यात ग्रांदे बेटाच्या दिवसभराच्या सहली निघतात, बोटीचा प्रवास लांब, जेवण त्यातच. निवती रॉकजवळ नौदलाची निवृत्त नौका 'गुलदार' समुद्रतळावर ठेवण्याची योजना आखली गेली, पण ते काम स्कूबावाल्यांचं. विजयदुर्गपासून शंभर किलोमीटरहून अधिक आत असलेलं आंग्रिया बँकचं प्रवाळ सर्वांत समृद्ध, आणि दिवसभराच्या सहलीच्या पूर्ण बाहेर.

बोटवाला सकाळी समुद्राकडे बघून 'आज नको' म्हणाला, तर पैसे परत मिळतील का हे आगाऊ रक्कम भरतानाच ठरवून घ्यावं. त्या दिवशी किनाऱ्यावर रापण ओढताना दिसली तर थांबून पाहावी, जाळ्यात काय आलं ते बघायला कुणी अडवत नाही. हंगाम कागदोपत्री १ सप्टेंबरला पुन्हा उघडतो. पाणी निवळायला मात्र दिवाळी उलटावी लागते.